हाक आणि ओ : मांजराच्या नावाविषयी

पाळलेल्या मांजरास त्याचे नाव शिकविता येते काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी विद्यापीठीय चर्चेचा वाटत नाही. घरातील मुलांनी विचारावा आणि वडील माणसांनी हसून सोडून द्यावा, अशाच मासल्याचा तो आहे. तथापि प्राण्यांच्या अध्ययनाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू झाला तेव्हा ज्या प्राण्यांवर पहिले प्रयोग झाले त्यांत मांजराचे स्थान अग्रभागी होते, आणि मांजराला शब्द 'कळतो' म्हणजे नेमके काय घडते हा वादही तेव्हापासूनचाच आहे. नावाचा प्रश्न हा त्या वादाचा घरगुती अवतार होय. त्याचे उत्तर देताना जाणते लोकही एक विशिष्ट चूक करतात, आणि ती चूक मांजरापुरती मर्यादित नसल्यामुळे तिची थोडी तपशीलवार छाननी करावी असे वाटते.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर प्रस्तुत लेखकाच्या घरी शाकारणीचे काम चालले होते. माळ्याच्या फळ्या ठोकून बंद करावयाची वेळ आली आणि घरातले मांजर दिसेना. तिचे नाव, सांगावयास नकोच, मनी. चौघांनी चार ठिकाणांहून हाका मारल्या. कोठूनही उत्तर नाही. वर काही नाही असे म्हणून सुताराने हातोडी उचलली. तरीही विजेरी घेऊन पाहिले, तेव्हा ती तुळईच्या आडोशाला आमच्याकडे पाठ करून बसलेली आढळली. आम्ही हाक मारली की तिचा डावा कान तेवढा मागे वळे आणि पुन्हा पूर्ववत होई. "तिला नाव माहीतच नाही," असा अभिप्राय सुताराने दिला आणि आम्हालाही तो पटला. इतक्यात खाली स्वयंपाकघरात वहिनींनी सुकटीच्या डब्याचे झाकण काढले. त्या आवाजासरशी मनी आम्हा चौघांच्या खांद्यांवरून खाली उतरली. विजेरी आणि तो डबा नसता तर त्या दिवशी ती आत कोंडली गेली असती.

सुताराचा अभिप्राय चुकीचा होता, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले. जे घडले त्यात तीन वेगळ्या गोष्टी गुंतलेल्या होत्या : ध्वनी ऐकू येणे, तो इतर ध्वनींहून वेगळा म्हणून ओळखणे, आणि ओळखल्यावर हाक मारणाऱ्याकडे येणे. आपल्या भाषेत 'ओ देणे' या एकाच शब्दप्रयोगात या तिन्हींचा समावेश होतो. माणसाच्या बाबतीत ते ठीकच आहे. हाक ऐकू आली, आपलीच आहे हे कळले, आणि तरीही ओ दिली नाही, तर त्या माणसाला आपण शिष्ट म्हणतो, बहिरा किंवा अज्ञ म्हणत नाही. मांजराला मात्र ही सवलत आपण देत नाही.

पैकी ऐकण्याचा प्रश्न लवकर निकालात निघण्यासारखा आहे. हेफ्नर व हेफ्नर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार मांजराची श्रवणकक्षा सेकंदास सुमारे ४८ आवर्तनांपासून ८५,००० आवर्तनांपर्यंत पसरलेली आहे. माणसाची वरची मर्यादा २०,००० च्या आसपास थांबते. अर्थात हाक ऐकू न आल्याची सबब सामान्यतः टिकणारी नाही. अपवाद एक आहे. पूर्ण पांढऱ्या रंगाच्या आणि निळ्या डोळ्यांच्या मांजरांत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण फार मोठे असते. १८५९ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात डार्विनने देखील त्याचा उल्लेख केला आहे. अशा मांजराला नाव शिकविण्याच्या खटाटोपात पडण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे, त्याला हवेचा झोत अथवा जमिनीची थरथर जाणवणार नाही अशा बेताने, एखादा आवाज करून पाहावा.

ओळखण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण ओळख ही आतली घटना असून आपणास दिसते ते केवळ बाह्य वर्तन. या अडचणीवर जपानी संशोधिका आत्सुको साइतो यांनी जी वाट काढली ती पद्धतीच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्राण्याला कोणताही धडा न शिकविता, त्याला कंटाळा आणावयाचा, ही त्या पद्धतीतील मुख्य कल्पना. एकामागून एक सारख्या प्रकारचे ध्वनी ऐकविले की पहिल्या ध्वनीला मिळणारा प्रतिसाद हळूहळू मंदावतो. यास आपण अभ्यस्तता म्हणू. प्रतिसाद मंदावल्यावर वेगळा ध्वनी ऐकविला आणि प्रतिसाद एकदम उसळला, तर प्राण्याने तो वेगळेपणा टिपला असे मानण्यास आधार मिळतो. साइतो व शिनोझुका यांनी २०१३ मध्ये २० घरगुती मांजरांना प्रथम तीन परक्या व्यक्तींचे, नंतर मालकाचे आणि शेवटी पुन्हा एका परक्याचे हाक मारणारे ध्वनिमुद्रित आवाज ऐकविले. मालकाचा आवाज मांजरांनी वेगळा ओळखला. पण प्रतिसाद कसला होता? कान वळणे आणि मान वळणे. ओरडून उत्तर देणे किंवा शेपूट हलविणे जवळजवळ नाही. आमच्या तुळईआडचा डावा कान मला येथे आठवला.

पुढे २०१९ मध्ये, टोकियोतील सोफिया विद्यापीठात असताना, साइतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत नावाला लावली. एकूण ७८ मांजरांवर झालेल्या या प्रयोगमालेतील काही प्रयोगांत मांजराला आधी चार सामान्य शब्द ऐकविण्यात आले. ते लांबीने आणि आघाताने त्याच्या नावाशी जुळणारे होते. पाचव्या खेपेस त्याचे नाव उच्चारले गेले. शब्दांनी सुस्तावलेली मांजरे नावाला पुन्हा सावध झाली. आणि हाक परक्या माणसाच्या आवाजात असली तरी हा परिणाम दिसून आला. 'मांजराला नाव कळत नाही, केवळ मालकाचा सूर कळतो' हा प्रचलित समज यामुळे टिकत नाही. ध्वनिमुद्रित आवाज का वापरले, हे येथे विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजे. गणिते सोडविणाऱ्या 'हान्स' नामक घोड्याची कथा परिचित आहेच. तो प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता, हे १९०७ मध्ये फुंग्स्टने सिद्ध केले. समोर उभे राहून, हात पुढे करून, किंचित वाकून मारलेल्या हाकेत नावाचा वाटा किती आणि वाकण्याचा किती, हे कोणासही सांगता यावयाचे नाही.

या प्रयोगमालेतील एक निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. काही मांजरे घरांतील नसून 'मांजर-कॅफे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपाहारगृहांतील होती. तेथे गिऱ्हाइके चहा-कॉफी घेता घेता मांजरांशी खेळतात. ही मांजरे आपले नाव सामान्य शब्दांपासून वेगळे काढू शकली, परंतु सोबतच्या मांजरांच्या नावांपासून वेगळे काढल्याचा पुरावा त्यांच्याकडून मिळाला नाही. कारण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. अशा ठिकाणी येणारा-जाणारा कोणत्याही मांजराला कोणत्याही नावाने हाक मारतो, आणि एकाच्या नावापाठोपाठ दुसऱ्याला कुरवाळले जाते. नाव आणि त्याचे फळ यांचा सांधा तेथे ढिला झालेला असतो.

हा सांधा म्हणजेच शिकवणुकीचे सारसर्वस्व. १८९८ मध्ये थॉर्नडाइकने कोलंबिया विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात कोड्याच्या पेटीत कोंडलेल्या मांजरांचे प्रयोग आहेत आणि ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतात. त्याच प्रबंधातील आणखी एक प्रयोग मात्र सहसा कोणी सांगत नाही. पिंजऱ्यातील मांजरासमोर बसून थॉर्नडाइक, आता या मांजरांना खाऊ घातले पाहिजे, अशा अर्थाचे एक ठरावीक वाक्य मोठ्याने उच्चारी आणि मग थोड्या वेळाने पिंजऱ्याच्या वरच्या बाजूस मासा धरी. काही दिवसांत नुसते वाक्य ऐकताच मांजर जाळीवर चढू लागले. त्यानंतर त्याने, मी त्यांना खाऊ घालणार नाही, अशा अर्थाचे दुसरे वाक्य मधूनमधून म्हणण्यास सुरुवात केली आणि त्यापाठोपाठ काहीच दिले नाही. आरंभी मांजर दोन्ही वाक्यांना चढे. पुढे दुसऱ्या वाक्याला चढणे थांबले. यावरून मांजराला इंग्रजी समजते असा निष्कर्ष थॉर्नडाइकने अर्थातच काढला नाही. विशिष्ट ध्वनीची संवेदना आणि विशिष्ट कृतीची प्रेरणा यांच्यात फळामुळे बंध जुळतो, कल्पना किंवा विचार यांची मध्ये गरज नाही, असे त्याचे म्हणणे. यातूनच त्याचा परिणामाचा नियम साकारला. मनुष्याचे म्हणणे मांजराला पटो वा न पटो, त्या ध्वनीनंतर काय घडते ते त्याला कळते.

येथवर आल्यावर शिकविण्याची रीत सांगणे सोपे आहे. मांजर भुकेच्या सुमारास, परंतु उपाशी नव्हे, अशा स्थितीत हातभर अंतरावर असावे. नाव एकदाच, स्पष्ट आणि नेहमीच्याच सुरात उच्चारावे आणि लगेच, सेकंद-दोन सेकंदांच्या आत, बिनमसाल्याच्या उकडलेल्या माशाचा किंवा कोंबडीचा नखाएवढा तुकडा द्यावा. कांदा घातलेले काहीही देऊ नये. मांजराच्या रक्ताला तो घातक आहे. परंपरेने दिले जाणारे दूधही बक्षीस म्हणून बरे नव्हे, कारण पुष्कळशा प्रौढ मांजरांना ते पचत नाही. एका बैठकीत चार-सहा खेपांहून अधिक ताणू नये. नाव ऐकताच मांजर हाताकडे पाहू लागले की मग ते दुसरीकडे पाहत असताना नाव घ्यावे. नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. नंतर शेजारच्या खोलीतून. अंतर वाढविताना एखादी पायरी फसली तर आधीच्या पायरीवर परत यावे. येणे पक्के झाल्यावर प्रत्येक वेळी तुकडा देण्याची आवश्यकता राहत नाही. किंबहुना अधूनमधून मिळणारे फळ वर्तनाला अधिक चिवट बनविते, हे फर्स्टर व स्किनर यांच्या १९५७ च्या ग्रंथापासून सर्वमान्य झाले आहे. खाण्याऐवजी कुरवाळणेही काही मांजरांना पुरते. कोणाला काय पुरते ते मात्र त्या मांजराकडूनच शिकावे लागते.

अवघड भाग मांजराच्या बाजूचा नसून माणसाच्या बाजूचा आहे. घरात नाव दिवसातून शंभर वेळा उच्चारले जाते आणि त्यापैकी नव्वद वेळा मांजराला त्यातून काहीच प्राप्त होत नाही. आपण पाहुण्यांना मनीच्या खोड्या सांगतो, मनीवर रागावतो, मनी कुठे आहे म्हणून एकमेकांना विचारतो. अभ्यस्ततेचा जो प्रयोग साइतो यांनी योजून केला तोच आपण नकळत नावावर करीत असतो. याहून वाईट म्हणजे औषध पाजण्यासाठी, आंघोळीसाठी किंवा टोपलीत कोंडण्यासाठी मांजर पकडताना आपण त्याच गोड नावाने बोलावतो. असे दोन-तीनदा घडले की नावाला फळ लाभते खरे, पण उलटे. अशा प्रसंगी मुकाट्याने जाऊन मांजर उचलावे आणि नाव त्यात गोवू नये. सुकटीच्या डब्याचे यश याच दृष्टीने पाहावे. त्या झाकणाने वर्षानुवर्षांत कधी खोटे बोलले नव्हते.

मराठी घरात आणखी एक अडचण आहे आणि तिची दखल परदेशी ग्रंथांतून मिळणार नाही. आपले नाम संबोधनात बदलते. 'मनी' ही हाकेत 'मने' होते, 'चिंगी'ची 'चिंगे' होते, 'बोका' हा 'बोक्या' होतो. बदल होतो तो अखेरच्या स्वरात, आणि हाक मारताना आपण लांबवितो तोही हाच स्वर. त्यात आजी 'मनीमाऊ' म्हणते, मुले 'मन्या' म्हणतात, आणि आरंभी एखादा 'ए' किंवा 'अगं' जोडलेला असतोच. व्याकरणाच्या दृष्टीने हे सारे एकच नाव. मांजराच्या दृष्टीने ते चार-पाच वेगळे ध्वनी असून प्रत्येकाच्या वाट्याला फळाचा चतकोरच येतो. म्हणून घरातील सर्वांनी मिळून एकच रूप ठरवावे, आणि हाकेसाठी ते संबोधनाचेच ठरवावे, अशी माझी सूचना आहे. नाही तरी तोंडातून तेच निघणार. असे केल्याने दुसराही एक लाभ होतो. मांजराविषयी आपसात बोलताना 'मनी' आणि मांजराशी बोलताना 'मने' अशी आपोआप वाटणी होते, आणि गप्पांत नाव झिजत नाही. विभक्तिप्रत्ययांची अशी उपयुक्तता आमच्या वैयाकरणांच्या ध्यानात आली नसावी.

सुराबाबतही असेच. फ्रान्समध्ये द मूझाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये १६ मांजरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, मालक मांजराशी ज्या लाडिक सुरात बोलतो तो सूर आणि माणसांशी बोलण्याचा सूर यांतील भेद मांजर ओळखते. परंतु परक्याच्या तोंडून हाच भेद ऐकविला असता तसा प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा लाडिक बोलण्याची ज्यांना लाज वाटते त्यांनी ती थोडी बाजूस ठेवावी हे बरे.

घरात दोन-तीन मांजरे असतील तर नावे आरंभीच्या व्यंजनापासून वेगळी असावीत, आणि प्रत्येकाला प्रथम स्वतंत्र खोलीत शिकवावे. नंतर एकत्र असताना ज्याचे नाव त्यालाच तुकडा, हा नियम निर्दयपणे पाळावा लागतो. तो मोडला की घराचे मांजर-कॅफे होते. गल्लीतील प्रत्येक मांजराला मनीच म्हणण्याच्या आपल्या प्रथेविषयी वेगळे सांगावयास नको; तेथे 'मनी' हे विशेषनाम उरलेलेच नसते.

शिकविल्यानंतर परीक्षा कशी घ्यावी? येथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना घरच्या घरी करता येण्याजोगे एक प्रात्यक्षिक सुचवितो. नावाशी मात्रांनी आणि शेवटच्या स्वराने जुळणारे चार शब्द निवडावेत. नाव 'मनी' असल्यास 'वही, नदी, छडी, घडी' हे चालतील. 'दही' घेऊ नये, कारण तो शब्द मांजराला आधीच ठाऊक असण्याचा संभव आहे आणि मग सर्व मोजणी फुकट जाते. शब्द एकाच व्यक्तीच्या आवाजात, सारख्या सुरात मुद्रित करावेत, दोन शब्दांत काही सेकंदांचे ठरावीक अंतर ठेवावे, आणि मांजर जागे पण स्वस्थ असताना आडून ऐकवावेत. चलच्चित्रण करून नंतर ते अशा सहकाऱ्याला दाखवावे की ज्याला कोणता शब्द केव्हा वाजला हे माहीत नाही आणि चित्रणाचा आवाजही बंद केलेला आहे. कान किती वळला, मान वळली काय, एवढेच त्याने नोंदवावे. मांजर आले की नाही, हा रकाना मुद्दाम वेगळा ठेवावा. प्रारंभी सांगितलेली चूक या दोन रकान्यांची सरमिसळ करण्यातूनच उद्भवते : न येणे म्हणजे न ओळखणे असे आपण धरतो, आणि अनास्थेला अज्ञान समजतो.

उलट बाजूची चूकही होऊ शकते आणि मांजरप्रेमी मंडळी ती आवडीने करतात. कान वळला म्हणजे 'मी मनी आहे' असे मांजराला वाटले, असे सिद्ध होत नाही. साइतो व सहकाऱ्यांनीही इतका मोठा दावा केलेला नाही. नाव हे फळाशी किंवा क्वचित शिक्षेशी जोडलेला एक ठळक ध्वनी म्हणून ओळखले जाते, एवढेच त्यांचे प्रयोग सांगतात. तरीसुद्धा थॉर्नडाइकच्या जागीच आपण उभे आहोत असेही म्हणता येत नाही. ताकागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजराला घरातील दुसऱ्या मांजराचे नाव ऐकवून लगेच पडद्यावर एका मांजराचा चेहरा दाखविण्यात आला. नाव एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा असेल तेव्हा घरगुती मांजरे पडद्याकडे अधिक वेळ पाहत राहिली. कॅफेतील मांजरांनी येथेही तसा फरक दाखविला नाही. दुसऱ्याचे नाव ऐकून आपल्याला काही खावयास मिळते असे नाही. तरी त्या नावाबरोबर एका विशिष्ट चेहऱ्याची अपेक्षा जागी होते, आणि हे त्यांनी केवळ घरात वावरताना ऐकून उचललेले असते. त्याच संशोधिकेच्या २०२४ च्या अभ्यासात ३१ मांजरांना दोन अर्थहीन शब्द दोन चित्रांबरोबर थोडा वेळच ऐकविले होते. पुढे जोड्या उलटविल्यावर मांजरे चित्राकडे अधिक काळ पाहू लागली. शब्दांऐवजी यांत्रिक ध्वनी वापरले तेव्हा असे झाले नाही. कोणतेही फळ न देता शब्द आणि चित्र यांची सांगड बसत असेल, तर परिणामाचा नियम नाव शिकण्याची संपूर्ण हकीकत सांगत नाही असे मानावे लागते. उरलेली हकीकत 'अर्थ' या संज्ञेखाली घालावी की साहचर्याच्याच जुन्या खात्यात टाकावी, याविषयी माझा कल अद्याप दुसऱ्या बाजूस आहे. परंतु तो कल आहे, निष्कर्ष नव्हे.

घरच्या प्रात्यक्षिकात 'घडी' या चौथ्या शब्दापर्यंत आमची मनी पाय चाटण्यात गढलेली होती. नाव वाजताच चाटणे थांबले आणि कान मागे वळला. ती जागची हलली मात्र नाही. त्यानंतर वर सांगितलेल्या क्रमाने 'मने' ही हाक आम्ही तिला शिकविली. गेल्या शाकारणीच्या वेळी माळ्यावरून ती दुसऱ्या हाकेला खाली आली. सुतार तोच होता. त्याने स्वतः हाक मारून पाहिली, तेव्हा ती दारापर्यंत आली, त्याच्याकडे पाहिले, आणि परत फिरली.